लहानसा अपघात आणि विम्याचा कागद

धार आणि देवास ही दोन नगरे मराठी वाचकांस परकी नाहीत. पवारांच्या या गाद्या १९४८ साली मध्य भारतात विलीन झाल्या आणि १९५६ साली तो सारा मुलूख मध्य प्रदेशात समाविष्ट झाला. तथापि तेथील जुन्या वाड्यांतून आजही मराठी कानी पडते, आणि आल्यागेल्यापुढे पोह्यांची बशी ठेवल्यावाचून त्याला कोणी जाऊ देत नाही. या दोन गावांच्या मध्ये इंदूर. धारहून इंदूर सुमारे साठ किलोमीटर, आणि तेथून देवास सुमारे पस्तीस. पीथमपूरचे कारखाने धार जिल्ह्यातच असल्याने, पाळीवर जाणाऱ्या-येणाऱ्या तरुणांच्या फटफट्यांनी हे रस्ते सकाळ-संध्याकाळ गजबजलेले असतात.

मोठ्या अपघाताची वार्ता सर्वत्र पोहोचते. १८ जुलै २०२२ रोजी इंदूरहून अमळनेरला निघालेली एस.टी. धार जिल्ह्यात खलघाट येथे पुलावरून नर्मदेत कोसळली, तेव्हा सारा महाराष्ट्र हळहळला. लहान अपघाताची वार्ता मात्र कोणी छापीत नाही. हँडल वाकते, गुडघा खरचटतो, चार माणसे जमतात, काही नोटा या हातातून त्या हातात जातात आणि सारे आपापल्या घरी परततात. प्रकरण मिटले असे वाटते. ते मिटले नव्हते, तेथूनच सुरू झाले होते, हे पुष्कळदा महिन्या-दोन महिन्यांनी कळते.

गेल्या पावसाळ्यात असे दोन लहान अपघात आमच्या पाहण्यात आले; एक देवासला आणि दुसरा धारला. नुकसान जवळजवळ सारखे, परंतु शेवट अगदी भिन्न. त्यांतून आम्हांस जे उमगले ते कुटुंबवत्सल वाचकांच्या उपयोगी पडावे, म्हणून येथे सादर करीत आहोत.

देवासचा प्रसंग

आमचा भाचा धारला राहतो व पीथमपूरच्या एका कारखान्यात नोकरी करतो. श्रावणातील एका शनिवारी तो आम्हांस भेटावयास देवासला येत होता. सयाजी द्वाराजवळ पाऊस भुरभुरत असता एक वृद्ध गृहस्थ सायकल घेऊन रस्ता ओलांडू लागले. भाच्याने ब्रेक दाबला, ओल्या रस्त्यावर चाक घसरले, आणि गाडी आडवी होता होता सायकलीस लागली. म्हातारबुवा हातावर पडले. भाच्याचे कोपर खरचटले. गाडीचा दिवा, इंडिकेटर व फूटरेस्ट मोडले, हँडल वाकले आणि टाकीला पोचा आला.

लोक जमले. त्यांपैकी एका दुकानदाराने, कदाचित सद्भावनेनेच, तोड सुचविली : "दोन हजार रुपये द्या, कागदावर सही घ्या आणि मोकळे व्हा. पोलीस कशाला हवेत?" भाच्याने आम्हांस फोन केला. आम्ही पोहोचलो तेव्हा त्याने पाकीट हातात काढून धरलेले होते.

"मामा, देऊन टाकू का? तुम्ही सांगाल तसे करतो."

आम्ही म्हणालो, "अरे, पैशाचे मागाहून पाहू. आधी त्यांना दवाखान्यात ने."

त्याप्रमाणे रिक्षा करून आम्ही त्यांस जिल्हा रुग्णालयात नेले. ते पुनःपुन्हा म्हणत होते की काही झाले नाही, नुसता मुका मार आहे. क्ष-किरण चित्रात मनगटाच्या हाडाला बारीक चीर असल्याचे दिसले आणि हाताला प्लॅस्टर घालावे लागले. बागकाम करून पोट भरणारा तो माणूस. पुढे कित्येक आठवडे त्याच्याने खुरपे धरवणार नव्हते. त्या दोन हजारांच्या कागदावर त्याची सही घेतली असती, तर आपण एका गरिबाला किती अल्प किमतीत घरी पाठविले असते, या विचाराने आम्हांस त्या रात्री झोप आली नाही.

त्याच रात्री भाच्याने ठाण्यात जाऊन अपघाताची खबर दिली व विमा कंपनीस फोनवरून कळविले. दुसऱ्या दिवशी त्याने लेखी सूचनाही पाठविली. तीत पॉलिसीचा क्रमांक व मुदत, अपघाताची तारीख, वेळ व स्थळ, जखमी इसमाचे नाव आणि आपल्या लायसन्सचा तपशील दिला. "रस्ता ओला होता आणि माझा वेग पावसाच्या मानाने थोडा अधिक होता," हे वाक्य त्याने आपण होऊन जबाबात घातले. खरे सांगण्याची किंमतही त्याला मोजावी लागली. गाडी काही दिवस ठाण्यात राहिली व नंतर सुपुर्दनाम्यावर मिळाली; न्यायालयाचे हेलपाटे झाले, दंड झाला. ही बाजू आम्ही वाचकांपासून लपवीत नाही.

परंतु गाडी हाती आल्यावर सर्व्हेअरने ती जशीच्या तशी पाहिली, मिस्त्रीचे एस्टिमेट तपासले, आणि दुरुस्तीनंतर योग्य ती रक्कम भाच्याच्या बँकेत जमा झाली. म्हातारबुवांच्या मुलाने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज केला. तो कसा करावा हे आमच्या भाच्यानेच त्याला समजावून दिले. प्रथम तो थोडा बिचकला होता. "मामा, माझ्याच विरुद्ध अर्ज करा, असे मी कसे सांगू?" असे त्याने विचारले. आम्ही उत्तर दिले, "अरे, हा विमा तू घेतलास तो त्यांच्याचसाठी. त्यांच्यापर्यंत तो पोहोचला नाही, तर तू भरलेले हप्ते कोणाच्या कामी आले?" पुढे लोकअदालतीत तडजोड होऊन उपचाराची व बुडालेल्या मजुरीची भरपाई विमा कंपनीने दिली.

धारचा प्रसंग

त्याच महिन्यात धारला आमच्या परिचयाच्या एका कुटुंबात दुसरी घटना घडली. दोघे भाऊ. थोरला पीथमपूरला पाळीवर गेला होता, परंतु त्या दिवशी कारखान्याच्या बसने. गाडी घरी होती आणि किल्ली खुंटीवर. धाकटा वीस वर्षांचा. त्याचा शिकाऊ परवाना केव्हाच संपलेला आणि पक्के लायसन्स काढावयाचे राहून गेलेले. गिरणीतून दळण आणावे म्हणून त्याने किल्ली घेतली. वळणावर त्याचा धक्का एका पायी चालणाऱ्या बाईंस लागला व दोघेही पडली. बाईंच्या गुडघ्याला मार बसला. धाकट्याने भीतीने पाचशे रुपये त्यांच्या हाती ठेवले, स्वतःचे कोपर दवाखान्यात बांधून घेतले आणि गाडी ढकलत घरी आणली.

घरी विचारविनिमय झाला. पोलिसांत कळविले नाही. गाडी लगेच दुरुस्तीस टाकली. सहा दिवसांनी शेजाऱ्याने सल्ला दिला, "विमा आहे ना? मग पैसे का सोडता? गाडी थोरलाच चालवीत होता असे लिहा. त्याच्याकडे लायसन्स आहे." थोरल्याने तसे लिहिले.

सर्व्हेअर आला तेव्हा पाहावयास मोडका भाग एकही उरला नव्हता. त्याने दोनच गोष्टी विचारल्या : दवाखान्याचा कागद आणि त्या दिवसाची कारखान्यातील हजेरी. कागदावर धाकट्याचे नाव होते, आणि हजेरीपटावर थोरला त्या वेळी यंत्रावर उभा होता. दावा नामंजूर झाला. पुढे बाईंचा गुडघा दुखावला तो बरा होईना. त्यांनी न्यायाधिकरणाकडे अर्ज केला आणि त्याची नोटीस थोरल्याच्या नावे आली. गाडी आपणच चालवीत होतो, असे तो स्वतःच्या सहीने लिहून चुकला होता.

दोघे भाऊ आमच्याकडे आले तेव्हा थोरल्याच्या हातात नामंजुरीचे पत्र होते. "काका, आता भोपाळला लोकपालांकडे अर्ज करू या का?" त्याने विचारले. धाकटा खाली मान घालून बसला होता. त्यांस आम्ही काय सांगितले ते शेवटी लिहू. तत्पूर्वी विम्याच्या कागदाचा अर्थ समजून घेणे इष्ट होईल. कारण या कुटुंबाचे नुकसान लबाडीने जितके झाले, तितकेच अज्ञानाने झाले.

एका विमापत्राच्या दोन पाती

देवासच्या जुन्या मंडळींस हे समजावणे सोपे आहे. तुकोजीराव व जिवाजीराव या दोघां बंधूंच्या वंशांमुळे त्या एकाच गावात दोन राज्ये नांदत होती. एकीस थोरली पाती म्हणत, दुसरीस धाकटी पाती. गाव एक, परंतु राजा निराळा, वाडा निराळा, कारभार निराळा. मोटारसायकलीच्या विम्याच्या कागदाचेही असेच आहे.

थोरली पाती म्हणजे थर्ड पार्टीचा विमा. आपल्या गाडीमुळे परक्याला इजा झाली, मृत्यू आला किंवा त्याच्या मालमत्तेची हानी झाली, तर त्याची भरपाई करणारा हा भाग. तो कायद्याने सक्तीचा आहे. इंग्लंडात ही सक्ती १९३० च्या कायद्याने आली. आपल्याकडे १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातील तत्संबंधी प्रकरण १ जुलै १९४६ पासून अमलात आले, आणि तेच तत्त्व १९८८ च्या सध्याच्या कायद्यात कलम १४६ मध्ये कायम आहे. या विम्याशिवाय गाडी चालविल्यास पहिल्या वेळी दोन हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात.

धाकटी पाती म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा. तो ऐच्छिक आहे. वाकलेले हँडल व फुटलेला दिवा यांचे पैसे येथून मिळतात.

या दोन भागांच्या मुदती निराळ्या असतात, आणि येथेच अनेकांची फसगत होते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीस पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. स्वतःच्या नुकसानीचा भाग मात्र पुष्कळदा एकाच वर्षाचा असतो. कागदावर पाच वर्षांची तारीख पाहून मनुष्य निश्चिंत होतो, आणि दुसऱ्या वर्षी गाडी पडली म्हणजे धाकटी पाती केव्हाच संपल्याचे त्यास कळते. वाचकांनी हा लेख खाली ठेवून आपला कागद काढावा आणि दोन्ही तारखा निरनिराळ्या वाचाव्यात, अशी आमची विनंती आहे.

याशिवाय एक तिसरा लहान भाग असतो, मालक-चालकाच्या वैयक्तिक अपघाताचा, पंधरा लाख रुपयांचा. तो मृत्यू, अवयव गमावणे किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व अशा प्रसंगांसाठी आहे. खरचटणे, टाके किंवा साधे मोडलेले हाड यांचा खर्च त्यातून मिळत नाही; त्यासाठी आरोग्यविमा पाहावा लागतो.

दावा करावा की करू नये?

स्वतःच्या गाडीचे नुकसान लहान असेल, तर दावा करणे हिताचे आहे किंवा कसे, हे आधी कागद-पेन्सिल घेऊन पाहावे. भाच्याच्या गाडीला दोन वर्षे पुरी होऊन तिसरे चालू होते. मिस्त्रीचे बिल, कर सोडून, पाच हजार सातशे रुपयांचे झाले : प्लॅस्टिकचे भाग २,००० रुपये, धातूचे भाग १,८००, मजुरी ९०० आणि रंग १,०००.

कंपनी हे सर्व देत नाही. जुन्या भागाच्या जागी नवा बसतो म्हणून घसारा वजा होतो. रूढ पॉलिसीप्रमाणे प्लॅस्टिक, रबर, टायर व बॅटरी यांवर निम्मा घसारा. काचेवर काही नाही. धातूच्या भागांवर तो गाडीच्या वयाप्रमाणे वाढत जातो. तिसऱ्या वर्षी शेकडा पंधरा. रंगाच्या बिलापैकी चौथा हिस्सा रंगाच्या मालाचा धरून त्याच्यावर निम्मा. या रीतीने भाच्याला प्लॅस्टिकचे १,०००, धातूचे १,५३०, मजुरीचे पूर्ण ९०० आणि रंगाचे ८७५, असे ४,३०५ रुपये देय ठरले. दुचाकीच्या प्रत्येक दाव्यात मालकाने सोसावयाचे शंभर रुपये वजा जाऊन ४,२०५ उरले. घसारा न कापण्याची सवलत जादा हप्ता भरून घेता येते; ती घेतली असती तर रक्कम वाढली असती.

आता दुसरी बाजू. वर्षभर दावा न केल्यास पुढील हप्त्यात सूट मिळते. तिला नो क्लेम बोनस म्हणतात. ही सूट स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यापुरतीच असते. ती पहिल्या वर्षानंतर शेकडा २०, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. एक दावा केला की ती शून्यावर येते व पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावे लागते. भाच्याला त्या वर्षी ३५ मिळावयाची होती, तेथे शून्य. पुढल्या वर्षी ४५ ऐवजी २०. मग ५० ऐवजी २५. मग ५० ऐवजी ३५. मग ५० ऐवजी ४५. एकूण तूट शेकडा १०५. सूट वजा करण्यापूर्वीचा वार्षिक हप्ता पंधराशे रुपये धरला, तर पाच वर्षांत १,५७५ रुपये जातात. चार हजार दोनशे मिळवून दीड हजार घालविणे परवडते. परंतु नुसता आरसा व एक इंडिकेटर फुटला असता, तर मिस्त्रीला पैसे देऊन गप्प बसणे अधिक शहाणपणाचे ठरते.

हा हिशोब धाकट्या पातीपुरता आहे, हे मात्र ध्यानी ठेवावे. माणसाला लागले असेल, तर कळवावे की न कळवावे असा प्रश्नच उरत नाही.

पहिल्या दिवशीची कामे

कायद्याचे कलम १३४ चालकावर तीन कर्तव्ये टाकते. जखमीला वैद्यकीय मदत मिळवून द्यावी. पोलिसांस, ते जागेवर नसल्यास ठाण्यात जाऊन, लवकरात लवकर आणि फार तर चोवीस तासांच्या आत कळवावे. विमा कंपनीला लेखी माहिती द्यावी. यात कसूर झाल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि पोलिसांसाठी ११२ हे क्रमांक घरातील मुलांसही पाठ असावेत.

जखमीला उचलून नेणाऱ्या वाटसरूने पोलिसांच्या चौकशीची धास्ती बाळगू नये. २०१९ च्या दुरुस्तीने घातलेले कलम १३४-अ सद्भावनेने मदत करणाऱ्यास दिवाणी व फौजदारी जबाबदारीपासून संरक्षण देते, आणि आपले नाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. उपचाराच्या खर्चाचीही एक सोय झाली आहे : ५ मे २०२५ रोजी जाहीर झालेल्या केंद्र सरकारच्या योजनेप्रमाणे रस्त्यावरील अपघातातील जखमीस नेमलेल्या रुग्णालयांतून सात दिवसांपर्यंत व दीड लाख रुपयांपर्यंत रोख न भरता उपचार मिळू शकतात.

जागेवर पैसे देऊन सही घेण्याविषयी दोन शब्द. कंपनीच्या लेखी संमतीवाचून अपराध कबूल करू नये, रक्कम देऊ करू नये किंवा तडजोड करू नये, अशी अट पॉलिसीत बहुधा असते. जखमीचे रिक्षाभाडे व औषधे यांचा खर्च करणे हा माणुसकीचा भाग झाला, तो अवश्य करावा व पावत्या जपून ठेवाव्यात. परंतु "एवढे घ्या आणि हक्क सोडा" असा कागद जखमीसही अन्यायाचा आणि आपणांसही धोक्याचा.

गाडी हलविण्यापूर्वी फोनवर छायाचित्रे घ्यावीत : गाडी, रस्ता, दोन्ही वाहनांचे क्रमांक. साक्षीदाराचे नाव लिहून घ्यावे. कंपनीने पाहणी करण्यापूर्वी दुरुस्तीस हात लावू नये. दावा-अर्जासोबत आर.सी., चालविणाऱ्याचे लायसन्स, पॉलिसी, एस्टिमेट, पुढे बिले, आणि पोलिसांत नोंद झाली असल्यास तिची प्रत लागते. कोणासही इजा झाली नसेल व नुकसान केवळ स्वतःच्या गाडीचे असेल, तर पोलिसांचा कागद बहुधा मागितला जात नाही.

काही कारणाने कळविण्यास उशीर झाला, तर दावाच बुडाला असे मानून निराश होऊ नये. उशीर हे एकच कारण पुढे करून खरा दावा फेटाळू नये, असे विमा नियामक प्राधिकरणाने २० सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकाने कंपन्यांस बजावले आहे. २०२४ साली त्याच प्राधिकरणाने, केवळ कागदपत्रांच्या अभावी दावा नाकारू नये, असेही सांगितले. उशिराचे खरे कारण लिहावे. उशिराला क्षमा आहे, खोट्याला नाही.

दाद कोठे मागावी?

स्वतःच्या गाडीचा दावा अन्यायाने नाकारला गेला असे वाटल्यास प्रथम कंपनीच्याच तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात समाधान न झाल्यास विमा लोकपालांकडे जावे. मध्य प्रदेश व छत्तीसगड यांच्यासाठी हे कार्यालय भोपाळला आहे. तेथे शुल्क नाही, वकील लागत नाही. मात्र कंपनीचा नकार मिळाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे.

अपघातात जखमी झालेल्या परक्या माणसाचा दावा या वाटेने जात नाही. त्याने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जावयाचे असते. कलम १६६ प्रमाणे अपघात घडला त्या ठिकाणी, किंवा अर्जदार राहतो तेथे, किंवा प्रतिपक्ष राहतो तेथे अर्ज करता येतो. देवासला लागलेल्या धारच्या माणसाने त्यासाठी देवासचे हेलपाटे घालण्याचे कारण नाही. १ एप्रिल २०२२ पासून अमलात आलेल्या तरतुदीने अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे. म्हणून "पाहू पुढे" असे न म्हणता ती पाळावी. धडक देणारे वाहन पळून गेले व त्याचा ठाव लागला नाही, तरी जखमी निराधार नाही. त्याच दिवसापासून लागू झालेल्या योजनेप्रमाणे गंभीर इजेस पन्नास हजार व मृत्यूस दोन लाख रुपये मिळतात.

किल्ली खुंटीवर होती

आता धारच्या त्या दोघां भावांकडे वळू. थोरल्याने लोकपालांचे नाव काढले, तेव्हा आम्ही त्यास विचारले, "अर्जात काय लिहिणार? गाडी तूच चालवीत होतास, असेच ना?" तो गप्प झाला.

मग आम्ही त्यास एक गोष्ट समजावून सांगितली. ती त्याच्या कोणत्याही सल्लागाराने सांगितली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली स्वर्णसिंग यांच्या प्रकरणात असा निर्णय दिला आहे की, चालकाकडे लायसन्स नव्हते एवढ्यावरून जखमी परक्याप्रत विमा कंपनीची जबाबदारी आपोआप संपत नाही. मालकाने निष्काळजीपणा केला, पुरेशी दक्षता घेतली नाही, हे कंपनीने सिद्ध करावे लागते. आणि ते सिद्ध झाले तरी न्यायाधिकरण कंपनीस प्रथम जखमीला पैसे देण्यास सांगून मागाहून ते मालकाकडून वसूल करण्याची मुभा देऊ शकते. थोरला भाऊ त्या वेळी कारखान्यात होता. किल्ली धाकट्याने त्याला न विचारता घेतली होती. ही हकीकत पहिल्या दिवशी जशीच्या तशी सांगितली असती, तर गाडीच्या दुरुस्तीचे पैसे कदाचित मिळाले नसते आणि धाकट्याला विनापरवाना गाडी हाकल्याचा दंडही झाला असता. परंतु बाईंच्या दाव्यात थोरल्याच्या बाजूस हेच सत्य सर्वांत बळकट आधार म्हणून उभे राहिले असते. काही हजारांच्या आशेने त्याने स्वतःच्या हाताने तो आधार काढून टाकला.

हे ऐकून धाकटा प्रथमच बोलला. "दादा, त्या दिवशी मी तुला फोन करायला हवा होता." थोरला म्हणाला, "आणि मी तुझ्या नावावर पांघरूण घालायला नको होते." बंधुप्रेमाने बोललेले खोटे शेवटी बंधूलाच जड होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण आम्ही पाहिले नाही.

त्या संध्याकाळी आमच्याच मेजावर बसून थोरल्याने खरी हकीकत लिहून काढली : किल्ली कोठे होती, कोण गाडी घेऊन गेले, कोणास किती लागले, आणि आधीचा कागद खोटा कसा लिहिला गेला. खाली दोघांनी सह्या केल्या. दुसऱ्या दिवशी एका अनुभवी वकिलांचा सल्ला घेऊन तो जबाब न्यायाधिकरणापुढे ठेवावयाचे ठरले. दुरुस्तीच्या दाव्याचा नाद त्यांनी सोडला. तेथून निघून दोघे भाऊ त्या बाईंच्या घरी गेले व त्यांच्या गुडघ्याची विचारपूस करून आले. अपघातानंतर त्यांच्याकडे जाण्याची ती पहिलीच वेळ होती. हे लिहीत असता प्रकरण चालू आहे. निकाल काय लागेल ते सांगता येत नाही. लबाडी उघडी पडल्यावर सांगितलेल्या सत्याचे वजन पहिल्या दिवशीच्या सत्याइतके नसते, हेही त्या दोघांस ठाऊक आहे. तरी थोरल्याच्या मुद्रेवरील ओझे उतरलेले आम्ही पाहिले, आणि धाकट्याने लायसन्ससाठी अर्ज केल्याचे मागाहून कळले.

वाचकहो, हप्ता भरताना आपण मनात आपल्या गाडीचा विचार करतो. त्या कागदाचा मोठा भाग मात्र एका अशा माणसासाठी असतो, ज्याचे नावही आपणांस ठाऊक नसते आणि ज्याची व आपली गाठ एखाद्या ओल्या संध्याकाळी रस्त्याच्या वळणावर पडावयाची असते. त्या वेळी त्यास आधी दवाखान्यात न्यावे, मग ठाण्यात जावे, मग कंपनीस कळवावे. आणि तिन्ही ठिकाणी एकच हकीकत सांगावी. जी हकीकत खरी असते, तीच तिन्ही ठिकाणी सारखी सांगता येते.